पारंपरिक धनुष्याने शिकार आणि रोजचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा लाँगबो (उंच, साध्या वळणाचं धनुष्य) हातात घेतला आहे, किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे पान. उत्तरं मुख्यतः मिशिगनमधल्या व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला धरून दिली आहेत. तिथे बहुतांश भागात धनुष्याचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो. परवाने, धनुष्याची किमान ताकद, कोणत्या प्राण्याला परवानगी हे सगळं राज्यागणिक बदलतं. तेवढं आपापल्या राज्याच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या. न्यूयॉर्क आणि मोंटाना यांसारख्या राज्यांत धनुष्याच्या शिकारीचं वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. सक्ती नसली तरी ते घ्या, असा माझा आग्रह आहे.

पारंपरिक धनुष्य कशाला म्हणायचं?

लाँगबो, रिकर्व्ह आणि एकाच लाकडातून तासलेलं साधं धनुष्य, ही तीन. चाकं नाहीत, नेम धरायची पिन नाही, दोरी सोडायचं यंत्र नाही. आज दुकानात दिसणारं चाकांचं कंपाउंड धनुष्य तसं नवीन आहे. मिसूरीच्या होलेस विल्बर अॅलन यांना त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. आजच्या कंपाउंडमध्ये चाकं फिरली की बोटांवरचा भार एकदम उतरतो. ऐंशी टक्के सूट देणारं ६० पाउंडचं कंपाउंड पूर्ण ओढल्यावर जेमतेम १२ पाउंडांनी धरून ठेवता येतं. ५० पाउंडचा रिकर्व्ह पूर्ण ओढला की ५०च्या ५० पाउंड तुमच्या तीन बोटांवर आणि खवाट्यांवर येतात. खालचे बहुतेक प्रश्न या एका फरकातून निघतात.

भारतात अशी शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यापासून शिकारीवर कडक बंधनं आहेत आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला वावच उरला नाही. शिकारीचा नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर ‘रानात जरा फिरून येऊ’ म्हणून धनुष्य बरोबर घेण्याचा विचारही करू नका. ब्रिटनमध्येही १९८१च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारायला बंदी आहे. तिथले धनुर्धारी फोमच्या प्राण्यांवर नेमबाजी करतात.

कंपाउंडवाले मित्र ऑगस्टमध्ये धनुष्य बाहेर काढतात आणि ऑक्टोबरात हरीण आणतात. मग आम्हालाच वर्षभर सराव कशाला?

कारण त्यांचं निम्मं काम धनुष्य करतं. पिन कुठे ठेवायची ते डोळ्यांना दिसतं, दोरी कुठे थांबवायची ते चाकं सांगतात. आपल्याकडे ही दोन्ही कामं शरीराला करावी लागतात. तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला नेमकी टेकली नाही, अर्धा इंच खाली राहिली, तर बाणाचं मागचं टोक तेवढं खाली येतं आणि बाण वर जातो. कोपर ढिलं पडलं तर ओढ कमी पडते आणि बाण खाली जातो. हे सगळं हरीण समोर असताना, छाती धडधडत असताना, आठवून आठवून करता येत नाही. ते आधीच अंगात मुरलेलं असावं लागतं.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे चुकीला किती कमी जागा आहे ते दिसेल. साधारण रिकर्व्हचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो. २० मीटरवर पोचायला त्याला ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुटलेल्या रेषेपासून पाऊण मीटरहून थोडा जास्त खाली येतो. आता समजा हरीण २३ मीटरवर आहे आणि तुम्हाला ते २० वाटलं. नेम अचूक, हात स्थिर, दोरी सुरेख सुटली, तरी बाण १३-१४ सेंटिमीटर खाली लागणार. हरणाचं जिव्हार, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांची जागा, आडव्या उभ्या हरणात साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद असते. तिच्या मध्यावर धरलेला नेम त्या तीन मीटरच्या चुकीने पार बाहेर पडला. वेगवान कंपाउंडला हीच चूक बरीच माफ होते.

दुसरी गोष्ट आवाजाची. दोरीचा आवाज २० मीटर अंतर बाणाच्या कितीतरी आधी कापतो. दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली बसतं, पायांत जोर घेतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा वर, नको तिथे लागतो. म्हणून जवळ जायचं, धनुष्य शांत ठेवायचं आणि हरीण निवांत असतानाच बाण सोडायचा.

आणि चूक झाली तर तिचं मोल आपण देत नाही. पोटात बाण घेऊन पळालेलं हरीण तासन्‌तास तळमळतं. ज्याला हे डोळ्यांसमोर आणता येतं, त्याला फेब्रुवारीच्या थंडीत तळघरात बाण सोडायला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

ही परंपरा अमेरिकेत कुठून आली?

मूळ अमेरिकन समाजांची ही हजारो वर्षांची विद्या. आजच्या हौशी शिकाऱ्यांपर्यंत ती पोचली त्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकन समाजाचा शेवटचा उरलेला माणूस लोकांसमोर आला. त्याला इशी म्हणत. त्याचे सगे संहारात आणि उपासमारीत गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य-बाण बनवायला आणि चालवायला शिकले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी पुढे ही शिकार लोकांपर्यंत नेली. विस्कॉन्सिनने १९३४ साली हरणासाठी धनुष्याचा खास मोसम ठेवला, तो आधुनिक काळातला पहिला.

आपल्या विषयाला धरून इशीची एक गोष्ट महत्त्वाची आहे. लांबच्या गोल निशाणावर तो काही फार चांगला नव्हता. रानात, दहा-वीस यार्डांवर, झुडपातल्या लहानशा लक्ष्यावर मात्र त्याचा हात पक्का होता. ज्या अंतरावर पोट भरायचं, त्याच अंतरावर त्याने आयुष्यभर बाण सोडले होते. आपणही सराव त्याच अंतरावर करावा.

रोज किती बाण सोडायचे?

वीस-तीस, पण मनापासून. दोरी ओढताना हात थरथरायला लागला, बोटं लवकर सुटायला लागली की त्या दिवसापुरतं बंद. थकल्यावर सोडलेले बाण वाया जातात असं लोक म्हणतात. माझं मत त्याहून कडक आहे: ते नुकसान करतात, कारण शरीर चुकीची हालचालही तितक्याच इमानाने शिकतं. शनिवारी एका बैठकीत दीडशे बाण सोडणाऱ्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटं देणारा माणूस पुढे जातो. गाण्याच्या रियाजाला जो न्याय, तोच इथे. आठवड्यातला एखादा दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा, स्नायूंना तो लागतो.

सुरुवातीलाच एक थंड बाण सोडा, असं सगळे सांगतात. ते काय आहे?

माझ्या मते अख्ख्या सरावातला सर्वांत मोलाचा भाग हाच. सकाळी कामाला निघण्याआधी, अंग गरम न करता, ऑफिसच्या कपड्यांत अंगणात जायचं. एकच बाण, एकच ओढ. लागला तर लागला, चुकला तर चुकला, दुसरा सोडायचा नाही. कुठे लागला ते वहीत लिहून कामाला लागायचं.

हरीण समोर येतं तेव्हा तुम्ही दोन तास झाडाला टेकून बसलेले असता. बोटं गारठलेली, पाठ आखडलेली. तिथे पहिले सहा बाण हात बसवण्यासाठी मिळत नाहीत. अंगणातल्या विसाव्या बाणाचा नेम पाहून स्वतःबद्दल जे मत होतं, ते फसवं असतं. वहीतले महिनाभराचे पहिले बाण बघा, तोच तुमचा खरा नेम.

गठ्ठ्याजवळ उभं राहून डोळे मिटून बाण सोडायचे, त्याने काय होतं? लक्ष्यच नाही तर शिकणार काय?

लक्ष्य नसतं म्हणूनच शिकता येतं. समोर काळा ठिपका असला की सगळं लक्ष तो खेचून घेतो आणि शरीराकडे बघायला कुणी उरत नाही. गवताच्या गठ्ठ्यापासून दोन पावलांवर उभे राहा, म्हणजे बाण चुकणं शक्य नाही. धनुष्य उचला, गठ्ठ्याकडे रोखलं आहे याची खात्री करा आणि मग डोळे मिटा. दोरी ओढताना हाताने ओढू नका, खवाटे एकमेकांकडे सरकू द्या. तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला लागते. बाणाचं एक पीस नाकाच्या शेंड्याला हलकंसं टेकतं. या दोन खुणा एकदम जुळल्या की तुम्ही रोज त्याच जागी आहात. तिथे क्षणभर थांबा, पाठ ओढतच राहू दे, आणि बोटं सैल सोडा. बोटं उघडायची नाहीत, दोरी स्वतः निसटते. नीट सुटली असेल तर हात कानामागे गेलेला असतो आणि धनुष्याचा हात बाण रुतेपर्यंत जागचा हललेला नसतो.

आदिपर्वात अर्जुनाची गोष्ट आहे. जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात बरोबर तोंडाकडे जातोय हे त्याच्या लक्षात आलं. सवयीने हात अंधारात घास शोधतो तर बाणही सोडता येईल, म्हणून तो रात्री सराव करू लागला आणि दोरीचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्य धावत आले. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट आपण मुलांना जास्त सांगतो. धनुष्य धरणाऱ्याने ही दुसरी जास्त आठवावी.

नवशिक्याने पहिले तीन-चार आठवडे फक्त हेच करावं. जुन्यांनीही मोसम संपला की पुन्हा इथूनच सुरुवात करावी.

किती पाउंडचं धनुष्य घेऊ?

जेवढं घ्यावंसं वाटतंय त्याहून दहा पाउंड हलकं. हे मी दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगतो. सुरुवात २५ ते ३० पाउंडांनी करा. अशा धनुष्याने शिकार करायची नसते, शिकायचं असतं. वर्षभराने ४०-४५ वर या. नीट जुळवलेला बाण आणि त्याच्या टोकाला धारदार पातं असेल तर व्हाइटटेलला तेवढं पुरतं.

एक गोष्ट दुकानदार नेहमीच सांगतो असं नाही. धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागावर, लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची, विशेषतः बायकांची, ओढ २६ इंच किंवा त्याहून कमी असते. दर इंचाला साधारण दोन ते तीन पाउंड कमी होतात. म्हणजे ४५ लिहिलेलं धनुष्य तुमच्या बोटांवर ४०च भरेल. राज्याच्या किमान ताकदीचा नियम पाळताना आणि बाण निवडताना हा फरक लक्षात घ्या. लहान तराजू लावून स्वतःच्या ओढीवर मोजून घेतलं की शंका राहत नाही.

नेम कसा धरायचा, मनाने की बाणाच्या टोकाने?

दोन्ही पंथ जुने आहेत आणि दोन्हींनी हरणं मिळतात. पहिल्यात फक्त लक्ष्याकडे बघायचं, बाकी हात आपोआप करतात. दुसऱ्यात बाणाचं टोक लक्ष्याच्या किती खाली दिसतं ते प्रत्येक अंतरासाठी पाठ करायचं. ‘आपोआप’ म्हणतात त्याच्या मागे हजारो बाणांची शिदोरी असते, म्हणून ज्यांना रोज वेळ मिळत नाही त्यांनी दुसरी रीत धरावी असं मला वाटतं. कुठलीही धरा, पण दर महिन्याला बदलू नका. आणि ‘हरणावर’ नेम धरू नका. खांद्यामागची एक घडी, एक केस, सावलीचा एक ठिपका निवडा. फोमच्या हरणावर रंगीत चिकटपट्टी लावून सराव करू नका, खऱ्या हरणाला ती नसते.

ओठापर्यंत दोरी पोचायच्या आतच बोटं सुटतात. हे काय होतंय?

याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि जगातले मोठमोठे धनुर्धारी यातून गेले आहेत. टोक लक्ष्यावर आलं की मेंदू ‘आता!’ म्हणून ओरडतो आणि बोटं त्याचं ऐकतात. काहींचं उलटं होतं: टोक लक्ष्याच्या खाली अडकून बसतं, वर जातच नाही. दोन्हींच्या मुळाशी चुकण्याची भीती असते. इच्छाशक्तीने ती जात नाही. दात-ओठ खाऊन लक्ष्यावर आणखी पन्नास बाण सोडले तर रोग वाढतो.

इलाज कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. लक्ष्य काढून टाका आणि हलक्या धनुष्याने गठ्ठ्यावर परत या. मग लक्ष्य लावा, पण बाण सोडू नका: ओढा, टेकवा, चार आकडे मोजा, सावकाश परत आणा. मेंदूला कळलं पाहिजे की टोक लक्ष्यावर येणं आणि बाण सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढून परत आणण्याचं प्रमाण सुरुवातीला सोडलेल्या बाणांच्या तिप्पट ठेवा. काही जण धनुष्याच्या पात्याला क्लिकर लावतात. पूर्ण ओढीवर ‘टिक्’ असा आवाज होतो आणि तो ऐकल्याशिवाय सोडायचं नाही असा नियम असतो. त्यात कमीपणा काही नाही.

मोसम दोन आठवड्यांवर आहे आणि हा त्रास चालू आहे, तर त्या मोसमात धनुष्य घेऊन रानात जाऊ नका. कॅमेरा घेऊन जा, माग काढा, हरणांच्या वाटा शिका.

माझं अंतर किती, हे कसं ठरवायचं?

साधी नऊ इंची कागदी ताटली गठ्ठ्यावर लावा. आकाराने ती हरणाच्या जिव्हाराच्या जवळपास जाते. रोजचा तो थंड बाण १० यार्डांवरून सोडा. दोन आठवडे एकही ताटलीबाहेर गेला नाही की १२ वर जा, मग १५. ज्या अंतरावर बाण बाहेर पडू लागतात, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. पुष्कळ चांगल्या पारंपरिक शिकाऱ्यांचं अंतर १५ ते २० यार्डांच्या दरम्यान असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ऐंशी यार्डांवर फुगा फोडल्याचे व्हिडिओ बघून स्वतःचं अंतर ठरवू नका. आधीचे किती बाण चुकले ते व्हिडिओत दिसत नाही. आणि हे अंतर दरवर्षी नव्याने ठरवायचं. बाळ झालं, प्रवास वाढला, खांदा दुखावला आणि सराव सुटला, तर गेल्या वर्षीचे १८ यार्ड या वर्षी १२ होतात. मग १२च.

अंतर ओळखायचा सराव अंगणात होत नाही. मग कुठे करू?

चालता चालता. संध्याकाळी फिरायला गेलात की समोरच्या पत्रपेटीपर्यंत किती यार्ड ते मनात म्हणा आणि पावलं मोजा. दिवसातून दहादा होतं, खर्च शून्य. त्याहून मजेचं म्हणजे परवानगी असलेल्या रानात कुजक्या ओंडक्यांवर बाण सोडत भटकणं. बाणाला ज्युडो टोक लावा. त्याला तारेचे चार आकडे असतात, ते गवतात अडकतात, त्यामुळे बाण पाचोळ्याखाली घुसून हरवत नाही. प्रत्येक ओंडक्याला एकच बाण, मग जागा बदलायची. चढ, उतार, मध्ये आडवी फांदी, तोंडावर ऊन. अंगणातल्या सपाट गवतावर यातलं काही भेटत नाही. मुलांनाही हा खेळ फार आवडतो.

झाडावरच्या मचाणावरून सराव खरंच लागतो का?

लागतो. वरून खाली बाण सोडताना नवखा माणूस फक्त हात खाली करतो. त्याने खांदा आणि हात यांचा काटकोन मोडतो, ओढ कमी होते आणि बाण भलतीकडे जातो. कमरेतून वाका, कमरेच्या वरचा भाग जसाच्या तसा ठेवा. बसून, गुडघ्यावर टेकून, उजवीकडे पूर्ण वळूनही सोडून बघा. जाड जाकीट घालून सराव करा, दोरी बाहीला घासते की नाही ते सप्टेंबरात कळलेलं बरं. लाँगबो उंच असतो, त्याचं खालचं पातं मचाणाच्या कठड्याला आपटू शकतं. संधिप्रकाशातही थोडे बाण सोडा, म्हणजे आपल्याला किती उजेड लागतो ते समजतं.

पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत बांधलेला हवा. सरावालाही हवा.

शिकारीच्या पात्याचा बाण आणि सरावाचा बाण एकसारखाच उडतो ना?

बहुतेकदा नाही. पात्याला वारा लागतो आणि जुळवणीतली लहानशी चूकही ते मोठी करून दाखवतं. मोसमाच्या किमान महिनाभर आधी पाती लावून, त्यांना चालणाऱ्या फोमवर, सोडून बघा. सरावाच्या बाणांपासून ती बाजूला जात असतील तर बाणाचा ताठरपणा, दोरीवर बाणाची खाच बसते ती जागा किंवा दोरीची उंची (दोरी आणि धनुष्याची मूठ यांतलं अंतर) जुळवावी लागेल. हलक्या धनुष्याला दोन धारांचं, न उघडमिटणारं पातं उत्तम. उघडणाऱ्या पात्यांना लागणारी ताकद आपल्या बाणात नसते. बाण जड ठेवा: धनुष्याच्या दर पाउंडाला नऊ-दहा ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं लहान माप), म्हणजे ४५ पाउंडाला चारशे ते साडेचारशे. त्याने आवाज कमी होतो आणि बाण खोल जातो. सरावात वापरलेलं पातं धार लावल्याशिवाय भात्यात घालू नका. हातावरचे केस सहज उतरले पाहिजेत.

पावसाळी दिवशी बाणांचीही काळजी घ्या. भिजलेली पिसं बसतात आणि बाणाला दिशा देत नाहीत.

बाण न सोडण्याचाही सराव असतो म्हणे?

असतो, आणि तो सर्वांत अवघड. आडवं उभं असलेलं किंवा किंचित पाठ फिरवून पुढे बघणारं हरीण, हे दोनच कोन पारंपरिक धनुष्याला योग्य. समोरून तोंड करून असलेलं, आपल्याकडे तिरकं वळलेलं, चालतं, कान टवकारलेलं, हे सगळे सोडून द्यायचे. फोमचं हरीण प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात वळवून ठेवा आणि ओढल्यावर ठरवा: सोडायचा की परत आणायचा. मित्राला ओढ पूर्ण झाल्यावर अचानक ‘नको’ म्हणायला सांगा.

एका ऑक्टोबरात मादी हरीण माझ्यापासून चौदा-पंधरा यार्डांवर आडवं उभं होतं, ओकची फळं खात. दोरी ओठाला लागली होती. तेवढ्यात तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि बोटभर जाडीची एक फांदी तिच्या खांद्यावर आडवी आली. दोरी परत आली, धनुष्य मांडीवर आलं, ती खातच राहिली आणि थोड्या वेळाने निघून गेली. तो निर्णय घ्यायला विचार करावा लागला नाही, याचं सगळं श्रेय अंगणात परत आणलेल्या बाणांना आहे.

बाण लागल्यानंतर काय?

जागेवरून हलू नका. हरीण कुठून गेलं, शेवटचं कुठे दिसलं ते झाडं-दगडांवरून लक्षात ठेवा. सापडलेला बाण बरंच सांगतो. गुलाबीसर, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून माग घ्या. गडद लाल म्हणजे यकृत असू शकतं, निदान चार तास थांबा. हिरवट चिकटपणा आणि घाण वास म्हणजे पोट, आठ ते बारा तास थांबावं लागतं. घाई केली तर जखमी हरीण उठतं आणि मैलभर जातं. काही राज्यांत पट्ट्याला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेता येते. असा कुत्रा असलेला माणूस आधीच माहीत करून ठेवा.

खांदा दुखतो. चालू ठेवू का?

नको. आधी धनुष्याची ताकद कमी करा आणि रबरी पट्ट्याने अंग मोकळं करून मगच ओढा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हिवाळ्यात बाहेर दोन फूट बर्फ असतो. तेव्हा?

तळघर, गॅरेज, गठ्ठा आणि पाच यार्ड पुरतात. दारं बंद आहेत आणि घरातलं कुणी मध्ये येणार नाही हे आधी बघा. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, धनुष्याची पाती तडकतात. उन्हाळ्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने थरांमधला गोंद सुटू शकतो.

उजव्या हाताने धरू की डाव्या?

हात लांब करून दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करा, त्यातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा, शक्यतो त्या बाजूच्या हाताने दोरी ओढा. मुलांची ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्या.

घरात शिकार कुणालाच पटत नाही. नुसता सराव केला तर चालेल का?

का नाही चालणार? पटत नसताना शिकार करूच नका, हा प्रश्न ज्याने त्याने घरच्यांशी बोलून सोडवायचा आहे. धनुष्याचा आनंद हरणावर अवलंबून नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रानातल्या वाटेवर फोमचे प्राणी मांडून स्पर्धा होतात. तिथे पारंपरिक धनुष्याचा वेगळा गट असतो, कुटुंबंच्या कुटुंबं येतात. अंतर सांगितलेलं नसतं, म्हणून शिकाऱ्यालाही त्याहून चांगला सराव मिळत नाही.

आईवडील आणि भाचरं महाराष्ट्रात आहेत. त्यांना ही विद्या तिथे शिकता येईल?

नेमबाजी म्हणून, अगदी उत्तम. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला रिकर्व्ह घेऊन गेला. साधेपणाच्या दृष्टीने आपल्या धनुष्याला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे इंडियन राउंड: बांबूचं धनुष्य, ५० आणि ३० मीटर अंतर. भारतातले बरेच खेळाडू सुरुवात त्यानेच करतात, कारण त्याला खर्च कमी येतो. जिल्हा संघटनेकडे किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करा आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच सुरू करा. सोसायटीच्या गच्चीवर अजिबात नको. भाचरांना पहिल्या महिन्यात निशाण दाखवू नका, गठ्ठ्यासमोर दोन पावलांवर उभं करा.